ओझर ते सोनेगाव : ५४५ किलोमीटरांना लागणारा वेळ

एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते आणि रेल्वेच्या तिकिटावर प्रवासाचे किलोमीटर छापलेले असतात. विमानाच्या तिकिटावर मात्र निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ तेवढी असते, अंतराचा उल्लेख कोठेही नसतो. त्यामुळे विमानप्रवासी अंतर वेळेवरूनच ताडू लागतो आणि दीड तास लागतो म्हणजे गाव तेवढे लांब असणार, असा त्याचा समज होतो. हा समज मोठ्या शहरांमधल्या लांब पल्ल्याच्या प्रवासात फारसा चुकत नाही, परंतु दोन प्रादेशिक विमानतळांमधल्या छोट्या उड्डाणात तो बराच फसवा ठरतो, कारण अशा उड्डाणात अंतर कापण्याव्यतिरिक्तच्या गोष्टींना एकूण वेळेतला मोठा वाटा जातो. नाशिकचे ओझर विमानतळ आणि नागपूरचे सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ ही जोडी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे; मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून गोवा, अहमदाबाद आणि नागपूर अशा तीन सेवा एकदमच सुरू केल्या, तेव्हा उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भ यांची ही दोन टोके टर्बोप्रॉप, म्हणजे जेट इंजिनाच्या तत्त्वावर पंखा फिरवणाऱ्या, विमानाने थेट जोडली गेली.

दोन विमानतळांमधले अंतर मोजायचे म्हणजे नेमके काय मोजायचे, हा पहिला प्रश्न. प्रत्येक विमानतळाला एक संदर्भबिंदू दिलेला असतो, जो साधारणपणे धावपट्टीच्या मध्याजवळ असतो, आणि त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे नोंदलेले असतात. ओझरचा बिंदू २०.१२ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर सोनेगावचा २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्‌वृत्ताचा तुकडा असतो. ज्या वर्तुळाचा मध्य आणि पृथ्वीचा मध्य एकच असतो, त्या वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात, आणि विमान वाहतुकीत ‘अंतर’ असा शब्द उच्चारला की बहुतेक वेळा याच चापाची लांबी अभिप्रेत असते. गोलीय त्रिकोणमितीने काढलेली ही लांबी नाशिक-नागपूरसाठी सुमारे ५४५ किलोमीटर येते.

त्रिकोणमितीची भीती वाटणाऱ्या वाचकालाही हे उत्तर शाळेतल्या पायथागोरसने पडताळून पाहता येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि दोन विमानतळांच्या अक्षांशांतला फरक ०.९७ अंश, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १०८ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच रुंद असला तरी ध्रुवांकडे अरुंद होत जातो आणि आपल्या या पट्ट्यात तो १०४ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणून ५.१४ अंशांच्या फरकाचे पूर्व-पश्चिम अंतर ५३५ किलोमीटर होते. या दोन बाजूंचा कर्ण काढला की उत्तर जवळजवळ तेच येते. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या मार्गावर सपाट नकाशावरची सरळ रेषा आणि बृहद्‌वृत्त यांच्यात प्रचंड तफावत पडते. येथे मात्र बृहद्‌वृत्त त्या रेषेपासून मध्यावर जेमतेम दोन किलोमीटर उत्तरेकडे सरकते आणि लांबीतला फरक वीस-पंचवीस मीटरांपलीकडे जात नाही. वैमानिक आणि नियंत्रक मात्र किलोमीटरऐवजी सागरी मैलात बोलतात, जो अक्षांशाच्या एका कलेवरून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागावरून, ठरवला गेला आणि आता १.८५२ किलोमीटर असा निश्चित आहे. त्या मापाने हे अंतर २९४ मैल होते, आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात.

ही ५४५ किलोमीटरची रेषा जमिनीवर उतरवून पाहिली तर महाराष्ट्राचा एक विलक्षण छेद हाती लागतो. ओझरहून निघालेली रेषा लासलगावच्या किंचित उत्तरेने आणि मनमाडच्या किंचित दक्षिणेने जाते, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढते, अजिंठा लेण्यांपासून आठ-नऊ किलोमीटर दक्षिणेकडून पुढे सरकते, बुलढाणा शहराला जवळजवळ स्पर्श करते, तेथून घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट पयनघाटात येते आणि अकोला व बडनेरा ही दोन्ही ठिकाणे अक्षरशः डोक्यावरून ओलांडून नागपूरला पोहोचते. मध्य रेल्वेची वाट मनमाड, अकोला आणि बडनेरा येथे या रेषेला भेटते, पण मधल्या टापूत तिला अजिंठ्याचा डोंगर चढणे परवडणारे नव्हते. म्हणून ती चाळीसगाव-जळगावकडे वळून तापीच्या खोऱ्यात शिरते आणि भुसावळला या रेषेपासून साठेक किलोमीटर उत्तरेला जाऊन पुन्हा खाली येते. मुंबई सीएसएमटीपासून नागपूर लोहमार्गाने ८३७ किलोमीटर आणि नाशिकरोड सुमारे १८८ किलोमीटर आहे, म्हणजे नाशिकरोड-नागपूर अंतर ६५० किलोमीटरच्या जवळपास जाते. शंभरावर किलोमीटरांचा हा फरक जवळजवळ सगळा डोंगराने भरायला लावलेला आहे. समृद्धी महामार्गाने बरीच वळणे कापली, तरी नाशिककराला आधी सिन्नर-शिर्डीच्या दिशेने त्या रस्त्यापर्यंत पोहोचावे लागते आणि एकूण अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात राहते.

विमानाला डोंगर आडवा येत नसला तरी तेही ही रेषा जशीच्या तशी उडत नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, ते कागदावर पाच अक्षरी नावे दिलेल्या काल्पनिक बिंदूंना जोडतात, आणि उड्डाणाची योजना या बिंदूंच्या माळेने दाखल करावी लागते. शिवाय प्रत्येक दिशेला उंची वाटून दिलेली असते: पूर्वेकडे जाणारे विमान विषम हजारांच्या उंचीवर आणि पश्चिमेकडे जाणारे सम हजारांच्या उंचीवर, असा सर्वसाधारण नियम आहे, त्यामुळे नागपूरला जाताना विमान १७ किंवा १९ हजार फुटांवर असेल तर परतताना ते १६ किंवा १८ हजारांवर असते आणि समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांत किमान हजार फुटांचे अंतर आपोआप पडते.

खरी गंमत दोन्ही टोकांना आहे. धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांना दहाने भागून क्रमांक देतात आणि ओझरच्या तीन हजार मीटर लांबीच्या धावपट्टीचे क्रमांक ०९ आणि २७ आहेत. ०९ वरून, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, उड्डाण झाले तर विमानाचे नाक जवळजवळ नागपूरच्याच दिशेला असते, पण पश्चिमेचा वारा असेल आणि २७ वरून उडावे लागले तर आधी नागपूरकडे पाठ करून निघायचे आणि मग अर्धे वर्तुळ घेऊन परतायचे. सोनेगावची धावपट्टी १४ आणि ३२ अशी, वायव्य-आग्नेय आहे, तिला पश्चिमेकडून येणारी वाट दोन्ही बाजूंनी तिरपी पडते. ३२ वर उतरायचे ठरले तर विमानाला शहराच्या दक्षिणेने पुढे जाऊन आग्नेयेकडून मागे वळावे लागते आणि त्यात वीस-तीस किलोमीटर सहज वाढतात. ओझरचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे विमानतळ आहे. १९६४ मध्ये मिग-२१ च्या निर्मितीसाठी येथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए चे उड्डाण झाले. ज्या धावपट्टीवर लढाऊ विमानांच्या चाचण्या होतात, तेथे नागरी विमानाला कधी थांबावे लागणे ओघानेच येते, आणि वेळापत्रक आखणाऱ्याला याची जाणीव ठेवावी लागते.

आता वेळेकडे वळता येईल. तिकिटावरच्या दोन वेळांमधला कालावधी हा हवेत घालवलेला वेळ नसून तो ‘ब्लॉक टाइम’ असतो: उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून ते मुक्कामी पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. प्रादेशिक मार्गांवर सर्रास वापरले जाणारे एटीआर ७२-६०० हे विमान, जे इंडिगोच्या रचनेत ७८ प्रवासी नेते, त्याचा स्थिर उड्डाणातला वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. ५४५ ला ५०० ने भागले तर ६५ मिनिटे येतात, आणि सामान्य वाचकाचा हिशेब येथेच संपतो. प्रत्यक्षात विमान त्या वेगाने फार थोडा काळ उडते. ओझरला एप्रनवरून, म्हणजे टर्मिनलसमोरच्या विमाने उभी करण्याच्या फरसबंदीवरून, निघून धावपट्टीच्या टोकाला जायला सात-आठ मिनिटे. मग सतरा हजार फुटांपर्यंतची चढाई, जिच्यात सतरा-अठरा मिनिटे जातात आणि वेग कमी असल्याने अंतर जेमतेम शंभर किलोमीटर कापले जाते. त्यानंतर साडेतीनशे किलोमीटरचा खरा वेगवान टप्पा, चाळीस-बेचाळीस मिनिटांचा. आणि मग उतरण. दर हजार फूट उतरण्यासाठी तीन सागरी मैल हवेत, हा वैमानिकांचा तोंडी हिशेब आहे, त्यानुसार नागपूरच्या पन्नासेक मैल आधी, म्हणजे बडनेरा मागे पडल्यावर थोड्याच वेळात, विमान उंची सोडू लागते. पुढे धावपट्टीच्या रोखाने येण्याची संथ वळणे, उतरणे आणि टर्मिनलपर्यंतची चाल धरली की बेरीज दीड तासाच्या पुढे जाते. ५४५ किलोमीटरांपैकी जवळपास दोनशे किलोमीटर एकतर चढण्यात नाहीतर उतरण्यात जातात, ही एकच गोष्ट लक्षात घेतली तर छोट्या मार्गांचे वेळापत्रक समजायला मदत होते.

एटीआरच्या प्रवाशाला एक दृश्य हमखास दिसते आणि त्याचा अर्थ सहसा सांगितला जात नाही. विमान एप्रनवर उभे असते, प्रवासी मागच्या दारातून चढत असतात, पंखे दोन्हीकडचे स्थिर असतात आणि तरीही उजवे इंजिन घरघरत असते. मोठ्या जेट विमानांत जमिनीवर वीज आणि थंड हवा पुरवण्यासाठी शेपटीत एक छोटे सहायक इंजिन असते, एटीआरमध्ये ते नसते. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन तेवढे चालू ठेवतात. वजन वाचते आणि छोट्या विमानतळावर बाहेरच्या यंत्रसामग्रीवर फार अवलंबून राहावे लागत नाही.

वाऱ्याचा परिणाम हा सर्वांत जास्त बोलला जाणारा आणि सर्वांत कमी हिशेब केला जाणारा विषय आहे. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो, प्रवाशाला मात्र जमीन कापायची असते. हिवाळ्यात मध्य भारतावर वरच्या थरांत पश्चिमेचे वारे वाहतात, म्हणून नागपूरला जाणे लवकर आणि परतणे उशिरा, हे सरळच आहे. परंतु जाताना वाचलेला वेळ परतताना तेवढाच भरावा लागतो, हा समज गणिताला मान्य नाही. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर विमानाचा जमिनीवरचा वेग ५५० होतो आणि ५४५ किलोमीटरांना साडेएकोणसाठ मिनिटे लागतात. तोच वारा समोरून आला तर वेग ४५० आणि वेळ पावणेत्र्याहत्तर मिनिटे. दोन्हींची बेरीज १३२ मिनिटांवर जाते, तर शांत हवेत ती १३१ मिनिटांच्या आतच राहिली असती, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. फरक मिनिटभराचा असला तरी तो नेहमी तोट्याच्याच बाजूला पडतो. जाता जाता आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे: नागपूर पाच अंशांहून अधिक पूर्वेला असल्याने तेथे मध्यान्ह नाशिकच्या वीस मिनिटे आधी होते, पण घड्याळ साऱ्या देशाचे एकच असल्यामुळे प्रवाशाला हा फरक जाणवत नाही आणि वेळापत्रकाच्या हिशेबातही तो येत नाही.

या सगळ्यावर कंपनी आणखी काही मिनिटांची पेरणी करते. भारतात विमान ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांत आले तर ते वेळेवर आल्याचे मानले जाते आणि वक्तशीरपणाची आकडेवारी दरमहा प्रसिद्ध होते, त्यामुळे दीड तासाच्या फेरीला पावणेदोन तास दाखवून ठेवणे कंपनीच्या हिताचे असते. वैमानिकाने ‘दहा मिनिटे लवकर पोहोचत आहोत’ अशी घोषणा केली की प्रवासी खूश होतात, त्यात वैमानिकाच्या कौशल्याइतकाच या पेरणीचाही वाटा असतो. मुंबई-नागपूरचे उदाहरण येथे डोळे उघडणारे आहे: ते हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, म्हणजे नाशिकहून १४० किलोमीटर जास्त, पण तेथे ताशी आठशेहून अधिक किलोमीटर वेगाची जेट विमाने उडतात आणि वेळ साधारण दीड तासाचाच लागतो. जवळच्या गावाला जाण्यास लांबच्या गावाइतका किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, याचे कारण भूगोलात शोधून सापडणार नाही. ते प्रवासीसंख्येत आहे. पावणेदोनशे आसनांचे जेट नाशिकहून रोज भरणार नाही, म्हणून पंख्याचे विमान, आणि पंख्याचे विमान म्हणून जास्त वेळ; पण इंधन कमी लागते, आणि एवढ्या अंतरावर तीच निवड शहाणपणाची आहे.

विमानाचे स्वतःचे ‘अंतर’ तर प्रवाशाच्या अंतरापेक्षा निराळेच असते. नागपूरला धुके किंवा वादळ असेल तर दुसरीकडे उतरता यावे यासाठी पर्यायी विमानतळ आधीच नेमावा लागतो. रायपूर सुमारे २८० आणि भोपाळ सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. टाकीत नागपूरपर्यंतचे, तेथून पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि तेथे अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे इंधन असल्याखेरीज विमान ओझरहून हलत नाही. म्हणजे प्रवासी ५४५ किलोमीटरचे तिकीट काढतो, तेव्हा विमान आठशेहून अधिक किलोमीटरांच्या तयारीने निघते.

अंतराचे वेळेत रूपांतर करण्याचा सर्वांत कसोशीचा प्रयोग नागपुरातच झाला होता, हा योगायोग सांगायला हवा. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परते. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचे सांगितले जाते, पण चार अंतरे मुळीच सारखी नाहीत: मुंबई ६८५, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई सुमारे ९०५ आणि कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटर. त्या काळच्या डाकोटा विमानांचा वेग ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या आसपास होता, त्यामुळे मुंबईच्या विमानाला अडीच तासांच्या आत जे साधे, त्याला कोलकात्याच्या विमानाला तासभर जास्त लागे, आणि चौघांची गाठ पडायची तर कोलकात्याने तेवढे आधी निघणे भाग होते.

सरकारी नियमांतही अंतर आणि वेळ यांची अशीच ओढाताण दिसते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाड्याच्या किमान-कमाल मर्यादा उड्डाणाच्या कालावधीवरून ठरवल्या गेल्या. ४० मिनिटांच्या आतले मार्ग, ४० ते ६०, ६० ते ९०, ९० ते १२० मिनिटांचे, असे सात गट पाडले होते आणि ती पद्धत ऑगस्ट २०२२ च्या अखेरीपर्यंत चालली. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा घातलेली मर्यादा मात्र किलोमीटरवर होती: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये आणि ५०० ते १,००० किलोमीटरला बारा हजार. या कोष्टकात नाशिक-नागपूर अंतराच्या वरच्या ४५ किलोमीटरांनी कमाल भाडे साडेचार हजारांनी वर जात होते. प्रादेशिक विमानसेवेसाठी २०१६ मध्ये आखलेल्या उडान योजनेनेही सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी सुरुवात करून अंतर आणि वेळ दोन्ही एकाच वाक्यात बसवले होते. मात्र योजनेच्या पाचव्या फेरीत, २०२३ मध्ये, कंपन्यांना तूट भरून देण्याची कमाल मर्यादा ५०० वरून ६०० किलोमीटरवर नेली गेली. प्रवाशाच्या दृष्टीने किलोमीटरची पट्टी अधिक न्याय्य म्हणावी लागेल, कारण संथ विमान वापरण्याचा निर्णय त्याचा नसतो आणि त्या संथपणाचे पैसे त्याच्याकडून घेणे समर्थनीय नाही.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडला की उड्डाणाचा वेळ एकूण प्रवासाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. ओझर नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटर, विमानतळावर निदान तासभर आधी पोहोचणे, नागपूरला सामान घेऊन शहरात शिरणे, असे सगळे धरून चार-साडेचार तास होतात. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला असला, तरी नाशिककराला उपयोगी पडणारा शिर्डी-नागपूर हा ५२० किलोमीटरचा तुकडा डिसेंबर २०२२ पासूनच वापरात आहे आणि मोटारीने सात-आठ तासांत नागपूर गाठता येते. कागदावर विमान तीन-चार तासांनी पुढे आहे, पण दिवसातून एकच फेरी, किंवा आठवड्यातून काहीच दिवस फेऱ्या, असा प्रादेशिक मार्गांचा शिरस्ता असतो. हिवाळी अधिवेशनाला किंवा एखाद्या बैठकीला सकाळी दहाला हजर राहायचे आणि विमान दुपारचे, अशी स्थिती असेल तर त्या प्रवाशाच्या लेखी उड्डाणाचा कालावधी पावणेदोन तास असून नसल्यासारखा होतो; तो आदल्या रात्री नाशिकरोडला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि शंभर किलोमीटर जास्त जाऊनही कामाच्या वेळेच्या आत नागपुरात उतरतो.